हिरवी साय

प्रेमला रणपिसे १९८४ साली कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात प्रयोगशाळा परिचर म्हणून लागली. काचसामान धुणं, टेबलं पुसणं, प्रॅक्टिकलच्या आधी सगळं मांडून ठेवणं, एवढंच आपलं काम असं तिला वाटलं होतं. पण पहिल्याच आठवड्यात विजयमाला मॅडमनी तिच्या हातात रुंद तोंडाच्या दोन बाटल्या आणि बारीक कापडाची एक निमुळती पिशवी दिली.

"करंजतळ्याला जायचं. स्वारगेटहून बस आहे. पाणी घेऊन यायचं."

"इथे नळाला पाणी आहे की, मॅडम."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "नळाच्या पाण्यात काही जिवंत निघालं, तर मला तक्रारीची पत्रं लिहीत बसावं लागेल. तळ्याचं आण."

तेव्हापासून दर महिन्याचा पहिला मंगळवार करंजतळ्याचा झाला. बस गावाच्या वेशीवर सोडायची. तिथून दहा मिनिटं चाललं की दगडी बांध, बांधावर करंजाची झाडं आणि पलीकडे टेकडीच्या पायथ्यापर्यंत पसरलेलं पाणी. गावाच्या पिण्याचं पाणी विहिरीचं. तळं जनावरांचं, धुण्याचं आणि पोहणाऱ्या पोरांचं. पूर्वेच्या काठावर दत्तोबाचा गोठा होता. गोठ्यात सहा-सात म्हशी, शेजारी शेणाचा उकिरडा, आणि त्याला लागून घर.

पहिल्या दिवशी प्रेमला काठावर वाकून बाटली भरत होती, तेव्हा दत्तोबाचा म्हातारा बाप कोंडीराम काठी टेकत आला. थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "कुनाच्या तुमी?"

हा प्रश्न काय विचारतो ते प्रेमलाला पक्कं माहीत होतं. तिचे वडील येरवड्याच्या छापखान्यात बाइंडिंगला होते. छप्पन्नला दीक्षा घेतली तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. पण आईच्या माहेरगावी विहिरीच्या कोणत्या बाजूला उभं राहायचं हे ठरलेलं होतं, आणि ती बाजू आईने मुलींना न विसरता सांगितली होती.

"कॉलेजची," प्रेमला म्हणाली आणि बाटलीला बूच लावलं.

म्हाताऱ्याने पुढे काही विचारलं नाही. कॉलेजपुढे काय विचारायचं ते त्याला सुचलं नसावं.

दत्तोबाची बायको मथुराबाई मात्र बोलकी होती. उन्हातून आलेल्या बाईला ती चहा दिल्याशिवाय सोडायची नाही. तो चहा गोठ्याच्या कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या, कान तुटलेल्या कपातून यायचा. प्रेमला चहा प्यायची, कप स्वतः विसळायची आणि कोनाड्यात ठेवून द्यायची. दोन वर्षं असं चाललं. तिसऱ्या पावसाळ्यात एकदा ती भिजून आली, तर मथुराबाईने तिला पडवीत बोलावलं, पाट दिला आणि घरातल्या सगळ्यांसारखाच स्टीलचा पेला पुढे केला. पुढच्या महिन्यात कोनाड्यात तो कप नव्हता.

मॅडम शेवाळ शिकवायच्या. प्रेमलाने पहिल्यांदा बाटल्या आणल्या तेव्हाच त्यांनी तिला सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं होतं. "ओझं वाहणाऱ्याला आत काय आहे ते ठाऊक असावं," म्हणाल्या. प्रेमलाने डोळा लावला. काचेच्या नळीत हिरवी फीत गोल गोल गुंडाळून घातल्यासारखे धागे दिसले. त्यांच्यामधून पारदर्शक चेंडू गरगरत गेले, आणि होडीसारखं काहीतरी आपल्याच नादात सरकत गेलं. मुलं ती चित्रं वहीत काढायची, परीक्षा द्यायची आणि विसरायची. प्रेमला विसरली नाही. दर महिन्याला तेच तळं, तोच काठ, तेच धागे. पाचसहा वर्षांत तिला बसच्या खिडकीच्या उजेडात बाटली धरूनच सांगता येऊ लागलं, आज काय जास्त आहे आणि काय कमी. मॅडमनी तिला एक वही करायला लावली. तारीख, पाण्याचा रंग, वारा, काय दिसलं, किती.

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवपासून त्या वहीत नव्या गोष्टी येऊ लागल्या. तळ्याच्या पश्चिमेला जेसीबी आले. काँप्युटरच्या कंपन्या शहराच्या कडेला येणार, माणसं येणार, त्यांना घरं लागणार, अशी हवा होती. दत्तोबाचा पुतण्या रणजित जमिनींच्या व्यवहारात पडला. त्याने निम्म्या गावाची शेतं बिल्डरकडे लावून दिली. त्यात दत्तोबाचंही पलीकडचं रान गेलं. दत्तोबाच्या घरावर स्लॅब पडला. सत्त्याण्णवला गाव शहराच्या हद्दीत आलं आणि पश्चिमेच्या काठावर 'जलविहार' नावाच्या नऊ इमारती उभ्या राहिल्या. त्यांच्या बाल्कन्यांतून तळं छान दिसायचं. त्यांचं सांडपाणी ज्या मोठ्या वाहिनीला जोडायचं होतं, ती नकाशात होती. प्रत्यक्षात सगळं ओढ्याला सोडलं होतं, आणि ओढा तळ्यात येत होता.

प्रेमलाच्या बाटलीतले धागे कमी होत गेले. गरगरणारे चेंडू एका वर्षी दिसेनासे झाले ते परत आलेच नाहीत. नव्व्याण्णवच्या ऑक्टोबरात तिने आणलेल्या पाण्यात वर एक हिरवट पूड तरंगत होती, बारीक दळलेल्या मेंदीसारखी. मॅडमनी थेंब काचेवर घेतला आणि बराच वेळ डोळा काढला नाही.

"बघ," त्या म्हणाल्या.

बारीक बारीक ठिपके, एका चिकट गोळ्यात शेकड्याने चिकटलेले. गोळ्याला आकार नव्हता, मध्ये मध्ये भोकं होती.

"हे नील-हरित शेवाळ. मायक्रोसिस्टिस. संथ पाणी, ऊन, आणि वर साबणाचं आणि संडासाचं पाणी, म्हणजे याला पंगत मांडल्यासारखं. थोडं असेल तर काही नाही. माजलं तर मात्र काही वेळा विष धरतं. यकृतावर जातं. जनावरं मेलेली आहेत याने, इतर देशांत." मॅडम सरळ बसल्या. "गावात कोणीतरी सांगायला हवं."

मॅडमनी संबंधित खात्याला पत्र लिहिलं. त्याची पोच आली, उत्तर आलं नाही. गावात सांगणारं कोणीतरी म्हणजे आपण, हे प्रेमलाला कळत होतं. महिन्यातून एकदा तिथे जाणारी तीच होती. तिने घरी नवऱ्याला विचारलं. रतन खडकीच्या कारखान्यात फिटर होता, मोजकं बोलायचा.

"काय सांगणार?" तो म्हणाला. "तुमचं तळं बाटलंय म्हणून?"

"बाटलंय नाही. त्यात विषारी शेवाळ होऊ शकतं म्हणून."

"तू म्हणशील शेवाळ. ते काय ऐकतील?"

प्रेमला पुढच्या मंगळवारी गेली तेव्हा हिरवी पूड नाहीशी झाली होती. मथुराबाईने चहा दिला, सुनेच्या बाळंतपणाचं सांगितलं. प्रेमलाने वहीत 'पाणी बरं' लिहिलं आणि परत आली. त्यानंतर दर ऑक्टोबरात आणि दर उन्हाळ्यात पूड यायची, दरवर्षी थोडी जास्त. दरवेळी ती स्वतःला सांगायची, अजून तेवढं नाही.

दोन हजार एकला मॅडम निवृत्त झाल्या. विभागाचं नाव जैवतंत्रज्ञान झालं, नवी यंत्रं आली, जुने सूक्ष्मदर्शक कपाटात गेले. तळ्याचं पाणी कोणालाच नको होतं. पण प्रेमलाचा मंगळवार बंद करा असंही कोणी सांगितलं नाही, म्हणून ती जात राहिली.

२००२ च्या पावसाळ्यात पावसाने ओढ दिली होती. २००३ च्या मे महिन्यात तळं निम्म्यावर आलं. त्या मंगळवारी प्रेमला बांधावर पोचली, तर गोठ्यापुढे माणसं बसलेली. मथुराबाई दारात डोक्याला हात लावून. दत्तोबा जमिनीकडे बघत होता.

"काय झालं, ताई?"

"दोन म्हशी गेल्या," मथुराबाई म्हणाली. "परवा एक, काल एक. दुपारी पानी पिऊन आल्या, थरथरल्या, बसल्या त्या उठल्याच न्हाईत."

जनावरांच्या डॉक्टरांनी एक म्हैस फाडून पाहिली होती. यकृत रक्ताने भरून काळं पडलेलं. विषबाधा, एवढं ते म्हणाले. पुढचं दत्तोबाने स्वतः जुळवलं होतं. रणजितला गोठ्याची जागा हवी होती, बिल्डरच्या रस्त्यासाठी. तीन आठवड्यांपूर्वी दोघांचं देवळापुढे भांडण झालं होतं, आणि रणजित सगळ्यांसमोर म्हणाला होता, "म्हशी हायेत तवर तुमी हलायचे न्हाईत, काका."

"गावात तीस-चाळीस जनावरं त्याच तळ्यावर पितात," दत्तोबा म्हणाला. "कुनाला काय झालं न्हाई. माझ्याच बऱ्या मेल्या? इख घातलंय त्यानं. उद्या चौकीवर जातोय मी."

प्रेमला काठावर गेली. पाण्याच्या कडेने, गोठ्याच्या समोरच, हाताएवढ्या जाडीचा हिरवा थर साचला होता. वर निळसर झाक, आणि कुजक्या गवताचा वास. तापवलेल्या दुधावर धरते तशी साय, फक्त हिरवी. तिने मान वर करून पलीकडे पाहिलं. पश्चिमेचं पाणी साधं, मातकट होतं. दुपारचा वारा तिच्या तोंडावर येत होता. तिने बाटली भरली तेव्हा हात पाण्याला लागू नये म्हणून रुमाल धरला. असं तिने आजवर कधी केलं नव्हतं.

"दत्तोबादादा," परत येऊन ती म्हणाली, "चौकीवर एक दिवस उशिरा जा. आणि उरलेल्या म्हशी तळ्यावर सोडू नका."

"का म्हनून?"

"उद्या सांगते. खात्री करून सांगते."

कॉलेजात पोचल्यावर तिने कपाट उघडलं, जुना सूक्ष्मदर्शक पुसला आणि थेंब ठेवला. सगळी काच त्या भोकाभोकांच्या गोळ्यांनी भरली होती. दुसरं काहीच नाही. एकही धागा नाही, एकही होडी नाही. तिने ते वहीत उतरवलं. मग कोपऱ्यावरच्या टेलिफोन बूथवरून तिने मॅडमना फोन लावला.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "माझं मत कशाला हवंय तुला? एकोणीस वर्षं बघते आहेस. तू म्हणतेस ते आहे, तर ते आहे." मग थांबून म्हणाल्या, "एक लक्षात ठेव. आता कोणीतरी शहाणा त्यात मोरचूद टाकायला निघेल. शेवाळ मरतं त्याने, पण पेशी फुटतात आणि आतलं विष पाण्यात उतरतं. पाणी स्वच्छ दिसतं आणि जास्त वाईट असतं, दोन-तीन आठवडे. उकळूनही जात नाही ते."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून प्रेमला करंजतळ्याला गेली. पडवीत दत्तोबा आणि मथुराबाई दोघंच होती. तिने सांगितलं ते दत्तोबाने मान हलवत ऐकलं, पण एका जागी अडला.

"शेवाळ सगळ्या तळ्यात हाय ना? मग माझ्याच म्हशी का?"

"दुपारी वारा कुठून येतो?"

"टेकडीकडनं. मावळतीकडनं."

"ती पूड पाण्यावर तरंगते. वारा तिला ढकलत ढकलत तुमच्या काठाला आणतो. सगळ्या तळ्यातलं इथे जमा होतं. गावाची जनावरं पलीकडे पितात. तुमची इथे, सायीत तोंड घालून." ती थांबली. "रणजितने काही घातलेलं नाही, दादा."

दत्तोबा उठून पडवीच्या कडेला गेला आणि पाण्याकडे बघत उभा राहिला. तिथूनच म्हणाला, "मग केलं कुनी?"

प्रेमलाने आदल्या दिवसापासून या प्रश्नाचं उत्तर ठरवून ठेवलं होतं. इमारतींचं सांडपाणी, एवढं सांगून थांबता आलं असतं. दत्तोबालाही ते आवडलं असतं.

"इमारतींच्या पाण्याने याला खायला मिळतं," ती म्हणाली. "पण तुमचा उकिरडाही काठाला आहे. पावसात त्याचं सगळं तळ्यात उतरतं. पूर्वी ते पाण्याला पेलत होतं. आता दोन्ही मिळून जास्त झालं. आणि पाऊस नाही, त्यामुळे पाणीच थोडं."

"म्हंजी माझ्याच शेणानं माझी म्हस मेली."

"नुसत्या तुमच्या नाही."

मथुराबाई पुढे सरकली. तिने प्रेमलाकडे रोखून पाहिलं. "तुला हे कालच कळलं व्हय?"

प्रेमलाला खोटं बोलता आलं असतं. "नाही," ती म्हणाली. "चार वर्षं झाली. थोडं थोडं दिसत होतं. जनावरांना बाधू शकतं हे मॅडमनी तेव्हाच सांगितलं होतं."

"आन् तू हितं येऊन चहा पिऊन जात हुतीस."

"हो."

"का न्हाई सांगितलंस?"

"तुमचं तळं खराब झालंय, हे माझ्या तोंडून ऐकलं असतं तुम्ही?" प्रेमलाचा आवाज चढला नाही. "मी रणपिसे. माझ्या आईला तिच्या गावात पाण्याला हात लावू देत नव्हते. मी येऊन म्हणायचं, तुमच्या पाण्यात विष आहे? मला भीती वाटली. आणि नंतर वाटलं, अजून तेवढं नाही. ती चूक माझी."

मथुराबाई उठली. ती आत गेली. भांड्यांचा आवाज आला, मग तोही थांबला. त्या दिवशी चहा झाला नाही. प्रेमला बससाठी उभी होती तेव्हा दत्तोबा मागून चालत आला आणि एवढंच म्हणाला, "म्हशी बांधून ठेवतो. चौकीवर जात न्हाई."

तळ्याचा वास एव्हाना जलविहारच्या बाल्कन्यांत पोचला होता. तळ्यात मोरचूद टाकायचं ठरवायला रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये सभा होती, आणि ते काम रणजितलाच मिळणार असं दत्तोबाने कॉलेजात फोन करून सांगितलं. प्रेमला वही घेऊन गेली. सोसायटीचे अध्यक्ष रंगनाथराव बँकेतून निवृत्त झालेले होते. त्यांनी तिला दोन मिनिटं दिली.

"आपण प्रोफेसर का?"

"नाही. परिचर आहे."

"म्हणजे प्रोफेसरांच्या बाटल्या धुणाऱ्या."

"हो. त्यामुळे बाटलीत काय होतं ते माहीत असतं."

मागून कोणीतरी हसलं. प्रेमलाने मॅडमचं सांगणं जसंच्या तसं सांगितलं. रणजित भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "द्राक्षवाले सगळे मोरचूद मारतात, बाई. आपन द्राक्षं खातोच की."

सोसायटीची सेक्रेटरी शेफाली नावाची तिशीतली मुलगी होती, सॉफ्टवेअरमधली. ती पुढे वाकून म्हणाली, "वन सेकंद, मॅम. म्हणजे वरचं ग्रीन गेलं तरी टॉक्सिन पाण्यात राहतं? मग इट्स अॅक्च्युली वर्स?"

"काही दिवस, हो."

"मग आपण वेट करू या ना, सर. टेस्ट करून घेऊ."

"वासात बसून?" रंगनाथराव म्हणाले आणि ठराव मताला टाकला. मोरचूद मंजूर झाला.

बुधवारी रणजितने होडीमागे निळ्या पोत्यांची माळ बांधून तळ्याला फेऱ्या मारल्या. तीन दिवसांत साय तपकिरी पडली आणि बुडाली. पाणी इतकं निवळलं की काठाजवळचे दगड दिसू लागले. मासे मरून वर आले, तेवढे रणजितच्या माणसांनी गोळा करून नेले. गाव खूश होतं.

पुढच्या रविवारी प्रेमला आली तेव्हा दत्तोबा विहिरीवरून घागरी वाहत होता. पाच म्हशींना दिवसाला किती पाणी लागतं ते त्याच्या गुडघ्यांना कळत होतं. येणारेजाणारे हसत होते. काचेसारखं पाणी समोर असताना हा घागरी काय वाहतोय म्हणून.

"मला येडा म्हंत्यात," दत्तोबा घागर उतरवत म्हणाला. "खरं सांगा बाई, किती दिवस?"

"तीन आठवडे तरी. दादा, माझं चुकलं तर चुकलं. तुमच्या खेपा वाया जातील, एवढंच."

"आन् न्हाई चुकलं तर?"

प्रेमलाने घागरीला हात लावला. "द्या, मी एक खेप करते." तो नको म्हणाला नाही. विहिरीवर मथुराबाई रहाट ओढत होती. तिने प्रेमलाला बघितलं आणि भरलेली घागर उचलून तिच्या कमरेवर ठेवली.

जूनच्या पहिल्या मंगळवारी पडवीत रणजित बसलेला होता. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. शर्यतीत पळणारा त्याचा खिलार बैल पाखऱ्या आठ दिवस आजारी होता. त्याला त्याने स्वतः पश्चिमेच्या काठावर, त्या निवळ पाण्यात धुतला होता, पाजला होता. डॉक्टर म्हणाले, जगेल, पण यकृत अर्धं गेलंय. मोरचुदाने की शेवाळाने, ते त्यांना सांगता येत नव्हतं.

दत्तोबाने त्याला 'मी सांगितलं होतं' असं म्हटलं नाही. त्याने विहिरीच्या पाण्याची घागर भरून पुतण्याच्या बैलासाठी ठेवली होती. रणजित प्रेमलाकडे न बघता म्हणाला, "त्या दिवशी तुमचं ऐकायला पायजे हुतं."

"माझं मीच चार वर्षं ऐकलं नाही," प्रेमला म्हणाली.

त्याच आठवड्यात शेफालीने शहरातल्या एका खाजगी प्रयोगशाळेत पाठवलेल्या पाण्याचा निकाल आला. विष होतं. रंगनाथरावांनी तो कागद दोनदा वाचला आणि सूचनाफलकावर स्वतः लावला. त्याखाली त्यांनी लिहिलं, 'मुलांना तळ्यात सोडू नये.' बाकी काही लिहिलं नाही.

पाऊस लागायच्या आत दत्तोबाने उकिरडा हलवायला घेतला. रणजितने ट्रॅक्टर पाठवला, नंतर स्वतःच आला. चार दिवस ते शेण वरच्या रानात वाहत होते. काठावर मोकळी, काळी जागा राहिली. मथुराबाईने तिथे गवत लावलं, कारण प्रेमला म्हणाली होती की गवताने वाहून येणारं थोडं अडेल.

सांडपाण्याचं काम मात्र तसं सोपं नव्हतं. शेफाली पत्रं लिहायची, ईमेल करायची, कार्यालयांत जाऊन बसायची. वाहिनी आली ती पाच वर्षांनी, आणि तीही नऊपैकी सहा इमारतींनाच जोडली गेली. दरम्यान दत्तोबाच्या गुडघ्यांनी साथ सोडली. त्याने एकेक करून म्हशी विकल्या. पाखऱ्या पुन्हा शर्यतीला उतरला नाही. रणजितने त्याला दारात बांधून ठेवला, विकला नाही.

एकदा शेफाली आणि प्रेमला बुधवार पेठेत जाऊन एक साधा सूक्ष्मदर्शक घेऊन आल्या. तो सोसायटीच्या हॉलमध्ये ठेवला. पहिल्या दिवशी मथुराबाई बघायला आली. एक डोळा घट्ट मिटून तिने दुसरा लावला आणि बराच वेळ हलली नाही.

"एवढुसं?" ती म्हणाली. "आन् एवढ्यानं म्हस पाडली?"

"एकट्याने नाही, ताई. लाखांनी मिळून."

मथुराबाई अजून बघत होती. "दिसायला गुणी दिसतंय," म्हणाली.

प्रेमलाची वही आता शेफालीच्या काँप्युटरमध्येही जाते. तळं सुधारलं असं प्रेमला म्हणत नाही. गरगरणारे चेंडू परत आले नाहीत. धागे एखाद्या थंडीत दिसतात, मग नसतात. ऑक्टोबर आला की तिचं अंग आपोआप सावध होतं. ऊन तापायला लागलं, वारा पडला, पाणी आठवडाभर हललं नाही, की तिचं कामात लक्ष लागत नाही.

२००८ च्या ऑक्टोबरात, गुरुवारी दुपारी, ती बीकर धूत असताना मोबाइल वाजला. मथुराबाईकडे मुलाने दिलेला फोन होता, आणि ती त्यात नेहमी ओरडूनच बोलायची.

"प्रेमला, वारं तीन दीस न्हाई. पूर्वेच्या कोपऱ्यात हिरवं धरतंय. साय न्हाई अजून, पूड हाय."

"किती?"

"ओंजळभर आसंल. हात न्हाई लावला, काडीनं बघितलं. गावात सगळ्यांना जनावरं बांधायला सांगून आले. एक-दोघं कुरकुरले. त्यांना म्हनलं, माझ्या दोन म्हशी गेल्यात, तुमी आपलं बघा. बांधली मग." मग जरा थांबून म्हणाली, "तू येतीस का बघायला? का मी बाटली भरून शेफालीकडं देऊ?"

प्रेमलाने ओल्या हाताने घड्याळ पाहिलं. तीनची बस मिळण्यासारखी होती.

"तुम्ही भरून ठेवा," ती म्हणाली. "रुमाल धरून. मी निघते."